शटरवरचा कागद

केनियातल्या किसुमू शहराच्या बसस्टँडमागे अवूओरचं सायबर कॅफे होतं. लोक तिथे जवळच्या इस्पितळाच्या वेबसाइटवरून आपले रिपोर्ट छापून घ्यायचे. छापलेला कागद ती न वाचता उलटा करून हातात द्यायची. एकदा वेबसाइटवर रुग्णाचा नंबर टाकताना तिचा एक आकडा चुकला आणि भलत्याच बाईचा एचआयव्हीचा रिपोर्ट पडद्यावर उघडला. पासवर्ड नाही, काही नाही. हे सांगायला चार महिन्यांत तिने इस्पितळात पाच खेपा घातल्या. तिथले लोक 'बघतो' म्हणायचे आणि चहा प्यायचे. शेवटी तिने शटरवर कागद चिकटवला: जवळच्या इस्पितळाचे रिपोर्ट कुणीही वाचू शकतं. कसं, ते लिहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी इस्पितळाचे संचालक ओडेरा तणतणत आले. "आमची अब्रू वेशीवर टांगलीस. तू बोंब मारेपर्यंत कुणाला ठाऊक तरी होतं का?"

"माझ्या बहिणीच्या दिराला होतं," अवूओर म्हणाली. "मार्चमध्ये त्याने चारचौघांत तिचा आजार बोलून दाखवला आणि तिला घराबाहेर काढलं. ती रडून सांगत होती, 'मी कुणाजवळ बोलले नाही.' आणि तुमच्या इस्पितळावर विश्वास ठेवून मी तिला खोटारडी म्हटलं."