अप्पांच्या वहीतला तेविसावा पत्ता

अशा गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. वेबसाइट्स टेस्ट करणं ही माझी नोकरी... जे लॉगमध्ये नाही ते घडलंच नाही, असं मानणारी मी. तरीही हे लिहितेय.

मी मूळची नाशिकची. सासर तंजावरकडचं मराठी, पण राहायला चेन्नईत, वेस्ट मांबलमला, स्टेशनापासून चालत सात मिनिटं. सासरे – अप्पा – चेन्नईजवळच्या आवडी या गावी एका कारखान्यात तपासनीस होते. निवृत्तीनंतर त्यांनी इंटरनेट शिकायला घेतलं, पण सर्च करणं त्यांना मान्य नव्हतं. "पत्ता ठाऊक आहे तर वाटेत विचारायचं कशाला?" मग मी त्यांना पूर्ण पत्ता टाइप करायला शिकवलं. टाइपरायटरच्या सवयीने ते प्रत्येक डॉटनंतर दोन स्पेस सोडायचे आणि पान काही उघडायचं नाही. शेवटी वहीत पत्ता उतरवताना डॉटच्या जागी ठसठशीत गोळा काढू लागले – इथे जागा सोडायची नाही, ही खूण. पान उघडलेलं स्वतः पाहिलं की पत्त्यापुढे टिक. पाहिल्याशिवाय टिक नाही, ही कारखान्याची शिस्त.

डिसेंबरात अप्पा गेले. वही कपाटात गेली.

जूनमध्ये नवऱ्याची जर्मनीला बदली झाली. सासूबाईंसाठी – अम्मांसाठी – आम्ही आवडीजवळ नव्याने सुरू झालेला वृद्धाश्रम पाहिला. अम्मा नको म्हणाल्या आणि त्यांचं जेवण कमी झालं. एका दुपारी वाटलं, निदान फोटो तरी बघतील. आश्रमाच्या साइटचा पत्ता लिहून ठेवायला मी अप्पांची वही काढली.

तेविसाव्या ओळीवर तो आधीच होता. अप्पांचं अक्षर, डॉटचे गोळे, पुढे टिक.

मी साइटच्या पत्त्याचं रजिस्ट्रेशन तपासलं. तो पत्ता याच मार्चमध्ये घेतलेला, अप्पा गेल्यानंतर. आश्रमात फोन केला, तर नावसुद्धा तेव्हाच ठरलं म्हणाले. भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही... उठून कुकर लावला.

अम्मांनी वही मांडीवर घेतली, टिकवर बोट ठेवलं. "तेनी पाहून ठेवलेत की," म्हणाल्या. "सरि, ठीक आहे. जाते मी."

गेल्या रविवारी त्यांना सोडून आलो. उलगडा अजून झालेला नाही, आणि मी शोधायचंही सोडलंय. अम्मांना मात्र एक गोष्ट सांगितली नाही. अप्पांची टिक म्हणजे पान उघडलं, एवढंच. जागा चांगली आहे, असा तिचा अर्थ कधीच नव्हता.