केसरीनाथचा पांढरा सफारी

अंजूरची शेतं गोदामांना गेली आणि माझा शेजारी केसरीनाथ रिकामा झाला. नवा बंगला, दारात गाडी, आणि हा ओट्यावर जांभया देत बसलेला. ओहोटी लागली की मात्र तो खाडीवर पळायचा. चिंबोरीच्या, म्हणजे खाडीतल्या खेकड्याच्या, बिळात खांद्यापर्यंत हात घालायचा, गाल चिखलाला टेकवून डोळे मिटायचा. मग त्याला गाव नाही, गोदाम नाही.

२००६ साली पडघ्याहून त्याच्या मुलीला, मृणालीला, बघायला मुलाचे आईवडील येणार होते. दोन स्थळं आधी मोडली होती, आणि हा मुलगा तिला मनापासून आवडला होता. केसरीनाथला पांढरा सफारी चढवून बसवलं होतं. "पाच मिनटांत आलो" म्हणून गेला तो गेलाच.

"भावजी, धरून आना त्यांना," पार्वतीवहिनींनी मला पिटाळलं. "जेवन सांगू का नको तेच कळत न्हाय!" आमच्यात सोयरीक जमेपर्यंत पाहुणे चहापोहेच घेतात, जेवले म्हणजे जमलं.

केसरीनाथ सफारीसकट चिखलात आडवा होता. हाक मारायला हवी होती. मी दोनदा खोकलो. मग बिळाकडे बघत राहिलो, ते बांधावर गाडी थांबेपर्यंत.

"ओ, केसरीनाथांचं घर कुठं हाय?" एका जाड्या गृहस्थांनी उतरून विचारलं.

"गप ऱ्हा रं मेल्या!" केसरीनाथ डोळे न उघडता म्हणाला. "हालतंय."

हे पडघ्याचेच पाहुणे, मी ओळखलं. पण गृहस्थ खरंच गप्प झाले. त्यांची बायको उतरली, तीही गप्प. दोघं बांधावरून वाकून बिळाकडे बघू लागले. शेवटी गृहस्थच पुटपुटले, "खालून घे, खालून."

ताटलीएवढी चिंबोरी बाहेर आली. केसरीनाथ उठला तो हसतच. जमीन गेल्यापासून असा चेहरा मी पाहिला नव्हता.

"आता तरी सांगा, घर कुठं?"

केसरीनाथने माझ्याकडे पाहिलं. मी खाडीकडे.

"मीच त्यो," तो म्हणाला. हसू पार मावळलं.

बाई मात्र चिंबोरीकडेच बघत होत्या. "आतून भरलेली हाय का वो?"

त्याने उलटी करून दाखवली. "गच्च."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गृहस्थांनी मान डोलावली. "मंग चहापोहे राहू द्या, व्याही. आमी जेवूनच जानार."

सफारीचे डाग काही निघाले नाहीत. वहिनी आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. रस्सा मात्र पाठवला.