बंदरावरची दशमी

माझ्या मुलीला मराठी चांगलं कळतं. तिच्या खोलीचं दार बंद असताना मी नवऱ्याला हळूच म्हटलं, की आज पिझ्झा मागवू या, तर कुठला मागवायचा ते ती आतून ओरडून सांगते, जपानीत. पण दर रविवारी दुपारी साताऱ्याहून इकडं जपानात माझ्या आईचा व्हिडिओ कॉल आला, की हिचं मराठी आटलंच. आजी विचारणार, "जेवलीस का गं?" आणि ही मान खाली घालून म्हणणार, "वाकान्नाइ." म्हणजे कळत नाही. मग इवलंसं वाकायचं आणि आत पसार व्हायचं.

आईचे कान चाललेत. उजवा गेलाच, डाव्यात थोडं शिल्लक आहे. "ऐकू येतंय तोवर नातीच्या तोंडून एक तरी वाक्य ऐकव," एवढंच तिचं मागणं होतं. त्यापायी मी मुलीला काय काय बोलले नाही! कोडगी म्हटलं, फोन काढून घेतला. कळत असून नाही म्हणणाऱ्या माणसाला माणूस म्हणत नाहीत, असंही एकदा सुनावलं. तेरा वर्षांची आहे ती.

ऑगस्टमध्ये ऑफिसला ओबोनची, म्हणजे जपानी पितरांच्या सणाची, सुट्टी लागली आणि मी पाठीवर सॅक टाकून एकटीच कोपनहेगनला गेले. कोबेतल्या आमच्या मराठी बायकांना हे कळल्यावर त्यांनी मला फाडून खाल्लं. नवऱ्याच्या जेवणाचं काय? मुलीचं काय? भांडण झालंय का? फ्रीजरमध्ये पोळ्यांची चळत होती, कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा त्याचा तक्ता दारावर लावला होता, तरी मी घर मोडूनच निघाले आहे अशा नजरा. तेव्हाच ठरवलं, आठ दिवस एकाही मराठी बाईला तोंड द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंदरावरच्या बाकावर बसले. समोर वर्षभर उन्हाला मुकलेली गोरी माणसं पाण्यात धडाधड उड्या मारत होती. तिथलं एक सँडविच घ्यायचं म्हणजे कोबेत दोन माणसांचं जेवण होतं, म्हणून मी डबा उघडला. घरून आणलेली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. जगाच्या टोकाला गेलं तरी मराठी बाई डब्याशिवाय जात नाही, आणि तिथंच फसते.

"अगंबाई, दशमी!"

सत्तरीच्या एक बाई समोर उभ्या होत्या. साडीवर स्वेटर, पायात पांढरे बूट, डोक्यावर कुठल्याशा टूरची टोपी. चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. "मराठी ना तुम्ही? बरं झालं बाई. आमची माणसं पुढं गेली वाटतं. माझा फोन बसमध्येच राहिला. जरा तुमच्या फोनवरून लावता का? नंबर आहे माझ्याकडं." आणि त्या पर्समध्ये चिठ्ठी शोधायला लागल्या.

मला शब्द न् शब्द कळला. पण त्या आधी शेजारी बसणार, मग कुठल्या गावच्या विचारणार, मग मिस्टर काय करतात, मग एकट्याच का, हेही सगळं मला त्याच क्षणी दिसलं. तोंडात दशमी होती. ती गिळली, डब्याकडं बघितलं आणि म्हटलं, "वाकारिमासेन." मुलीचंच वाकान्नाइ, जरा अदबीनं. इंग्रजीत बोलले असते तर त्यांनी मोडकंतोडकं इंग्रजी काढलं असतं. जपानीपुढं त्यांचा इलाज नव्हता. वर थोडी वाकलेही.

त्यांचा हात पर्समध्येच राहिला. "सॉरी, सॉरी," म्हणाल्या, हात जोडले आणि वळल्या. कुठं जायचं ते न कळून आधी डावीकडं गेल्या, मग उजवीकडं. मी उरलेली दशमी खाल्ली. चांगली लागली, खोटं कशाला सांगू.

तासाभरानं मी बंदरात फिरणाऱ्या बोटीत चढले. एवढ्यात आईचा फोन. तिला ऐकू यावं म्हणून मला नेहमीच ओरडावं लागतं. "हो गं आई! जेवले! दशमीच खाल्ली! अगं, एकटी असले तरी मजेत आहे!" फोन ठेवून मागं बघितलं, तर दोन बाकं सोडून त्याच बाई, टूरच्या लोकांमध्ये बसलेल्या. सापडली होती त्यांची माणसं.

उतरताना त्या माझ्यापाशी थांबल्या. आवाजात राग नव्हता. "आईंना माझा नमस्कार सांगा," म्हणाल्या आणि गेल्या.

त्या निरोपानं पुढचे सहा दिवस माझी पाठ सोडली नाही. चिडचिड झाली, बाईंचीच चीड आली. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर फिटून गेलं असतं.

परत आल्यावरचा पहिला रविवार. आईचा फोन, मुलीला हाक, मान खाली, "वाकान्नाइ", आणि ती आत गेली. सवयीनं मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

"ओरडू नकोस तिला," आई म्हणाली. "आणि आता बोलावतही जाऊ नकोस. तिला कळतं गं सगळं."

"तुला कसं माहीत?"

"ज्याला कळत नाही ते माणूस तोंडाकडं बघतं, अर्थ शोधत. ही खाली बघते. मला केव्हापासून ठाऊक आहे. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मला डबा आठवला. त्या बाईंना बोटीत काही नव्यानं कळलंच नव्हतं. बाकाशीच कळलं होतं, आणि तरी सॉरी त्याच म्हणाल्या होत्या.

"तिकडं आपलं कुणी भेटलं का गं?" आईनं विचारलं.

मी खाली बघितलं. "नाही," म्हटलं. "कुणीच नाही."

पडद्यावरून आई माझ्याकडंच बघत होती. मग म्हणाली, "बरं. ऐकू येत नाहीये आज नीट," आणि फोन ठेवला.