सरावाची ग्रामसभा

यवतमाळला मी महिला सरपंचांना शिकवते. केळापूरकडची एक बाई प्रत्येक प्रशिक्षणाला येतेच. माझं वाक्य ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणते, जेवायला मात्र एकटीच बसते. तिनं दारूचं दुकान बंद करवल्यापासून गावानं तिच्याशी बोलणं टाकलंय, एवढं मला ठाऊक होतं.

परवा सरावाच्या ग्रामसभेत मी तिला अध्यक्ष केलं. नळयोजनेबद्दल ती छान बोलली, पण विषय संपला तरी खाली बसेना.

"ताई, झालं ना?" मी विचारलं.

"गावात मी बोलाले लागली का माणसं उठून जातात, मॅडम," ती म्हणाली. "इथं कोणीच उठलं नाही. अजून थोडं बोलू द्या मले."

बाकीच्या बायकांना एसटी गाठायची होती. तरी त्या बसून राहिल्या.