डॉक्टरांना न सांगितलेले तीन आठवडे

दादा तीन महिने अंथरुणातून उठला नाही, तेव्हा कुळगावात प्रत्येकाने आपापला इलाज सांगितला. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं नुसता आळस आहे. उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे टेम्पोने पोचवणारा धडधाकट माणूस, तो दाढीसुद्धा करेना. त्याची पाच वर्षांची मुलगी उशाशी बसून हाका मारायची आणि तो भिंतीकडे तोंड करायचा. शेवटी वहिनीने हट्ट धरला, आणि आम्ही दोघी त्याला अंबरनाथला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "याआधी कधी याच्या उलट झालं होतं? झोप नको, बडबड फार, अंगात नको इतका जोर?"

झालं होतं. दादाच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, सलग तीन आठवडे. न झोपता घराला एकामागून एक रंग देत सुटला. हेंद्रेपाड्यात ओळख ना पाळख अशा माणसाला आपली मोटरसायकल देऊन आला. आईने अडवलं तर तिच्यावर हात उगारला. मग आपोआप ओसरलं, आम्ही तोंडं शिवली आणि मुली बघायला लागलो. स्थळ आलं की आमच्याकडे घर, शेत, पत्रिका सगळं दाखवतात. असलं काही मात्र दाखवायचं नाही, हे न बोलताच ठरलेलं असतं. वहिनीला त्यातलं अक्षर माहीत नव्हतं, आणि ती माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाही डॉक्टर, असं कधीच नाही."

केवढी शहाणी मी! घराची अब्रू राखली या समाधानात बाहेर येऊन चहासुद्धा प्यायले.

उदासीवरच्या गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत दादा उठला. चुलतभावाच्या हळदीत तो डीजेसमोर असा नाचला की म्हातारीकोतारी टाळ्या पिटायला लागली. "माझा पोर परत आला गं बाय," म्हणत आईने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. वहिनी हसत होती. मी त्याचे डोळे ओळखले. चार दिवस तो झोपला नव्हता. डॉक्टरांना एक फोन करायचा होता, पण फोन केला तर आधीचं खोटं उघडं पडणार होतं. मी केला नाही.

हळदीनंतर तिसऱ्या दिवशी त्याने मुलीला टेम्पोत पुढे बसवलं, समुद्र दाखवतो म्हणाला, आणि मांजर्लीच्या वळणावरच टेम्पो उलटवला. मुलीचा हात दोन जागी मोडला.

दादाला दवाखान्यात ठेवलं. तिथल्या डॉक्टरांना मी खरं सांगितलं, तेही वहिनी बाहेर गेल्यावर. ते रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. म्हणाले, "या आजाराला दोन टोकं असतात. तुम्ही एकच दाखवलंत. अशा वेळी नुसती उदासीची गोळी माणसाला दुसऱ्या टोकाला ढकलू शकते." आता दादा लिथियमवर आहे. ठरल्या दिवशी रक्त तपासायचं, मीठ-पाणी एकदम कमी करायचं नाही, बरं वाटलं म्हणून गोळी सोडायची नाही. त्या गोळीने त्याचे हात थोडे कापतात. टेम्पो दुसराच कुणी चालवतो.

वहिनी मुलीला घेऊन वांगणीला माहेरी गेली. रविवारी भेटवायला आणते. "त्या मेल्या पहिल्या डॉक्टरनं चुकीचं औषध दिलं," असं ती दरवेळी म्हणते आणि मी मान डोलावते. खरं सांगितलं तर ती कायमची जाईल, अशी मला भीती वाटते. त्या भीतीच्या आड मी माझी लाज लपवते, हेही मला कळतं.

गेल्या रविवारी मुलगी शाळेतली काहीतरी गंमत सांगत होती आणि दादा हसला. मोठ्याने, पोट धरून, कितीतरी महिन्यांनी. मुलगी बोलायची थांबली. मोडलेला हात पोटाशी घेऊन ती मागे सरकली.

"पप्पा, तुम्ही काल झोपलात ना?"

"झोपलो बाळा," दादा म्हणाला. मग ती जाईपर्यंत तो हसला नाही.