कॅरियरवरचा डबा

माझ्या सायकलीला कॅरियर नाही. ती घेताना दुकानदाराने विचारलं होतं, "कॅरियर लावू का?" मी त्याच्यावर जवळजवळ खेकसलोच, "मला काय दुधाचा रतीब घालायचाय?" हेल्मेट, भडक टी-शर्ट असा सगळा जामानिमा करून मी रोज पहाटे सांगलीहून मिरजेपर्यंत जाऊन येतो. लोक त्याला व्यायाम म्हणतात, आणि व्यायामाला मान असतो. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची असली की मात्र मी स्कूटर काढतो.

तरीही कॉलनीच्या बैठकीत मीच भाषण ठोकलं. दूध, भाजी, गिरणी, हे सगळं आपल्यापासून किती लांब आहे हो? जवळच्या कामांना सायकल वापरा! टाळ्या पडल्या. मी फुगलो.

ते भाषण मनावर घेतलं ते एकट्या माझ्या बायकोने. ती तासगावची. शाळेला सायकलवर जायची, पण लग्नानंतर तिने सायकलीला हात लावला नव्हता. लेक पुण्याला गेली तेव्हा मागे राहिलेली तिची सायकल बायकोने पुसली, पंक्चर काढून आणलं आणि रविवारी ज्वारीचा डबा कॅरियरला दोरीने बांधून गिरणीत गेली.

मी फाटकाशी उभा राहून कॉलनीतल्या मंडळींना माझ्या सायकलीचे गिअर दाखवत होतो. तेवढ्यात ती आली. पदर खोचलेला, कपाळावर पीठ, तोंडभर हसू. लांबूनच ओरडली, "आवं, बघा, एकदा बी पडले न्हाई!"

शेजारच्यांनी हसत विचारलं, "काय वैनी, आज सायकल? स्कूटर बंद पडली का काय?"

ती काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "हो ना, कालपासून बिघडलीये."

स्कूटर आमच्या मागेच उभी होती. सकाळी त्याच स्कूटरवरून मी दूध आणलं होतं. बायकोने स्कूटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचं हसू गेलं. दोरी सोडून, डबा कमरेवर घेऊन ती आत निघून गेली. माझे कान तापले. इतकी लाज मला स्वतःची कधी वाटली नव्हती. पण चारचौघांत शब्द मागे घ्यायचा धीर झाला नाही. मी गिअर दाखवत राहिलो.

संध्याकाळी म्हणालो, "चुकलं माझं." ती म्हणाली, "असू दे." आणि भाकरी थापत राहिली.

पुढच्या रविवारी मी लवकर उठून लेकीच्या सायकलीत हवा भरली, ती पुसून फाटकाशी आणून लावली. बायको डबा घेऊन बाहेर आली. सायकलीला वळसा घालून गेली आणि डबा स्कूटरवर पायापाशी ठेवला.

शेजारी आपल्या दारातच होते. "वैनी, आज सायकल न्हाई?"

"बिघडलीय," ती चटकन म्हणाली आणि स्कूटर सुरू केली.

मी हातात पंप घेऊन सायकलीशेजारीच उभा होतो.