फाटकावरची एकोणीस मिनिटं

लर्लीन मेब्रीला नाटकवाल्यांचा मनापासून तिटकारा होता, आणि अटलांटाहून आलेल्या ओमारी स्ट्रॉदरने तीन आठवड्यांत तो कमी होईल असं काही केलं नव्हतं.

ओमारीची काळ्या कलावंतांची मंडळी मिसिसिपीतल्या गावागावांतून फिरायची आणि लोकांना आपली गाऱ्हाणी रंगमंचावर खरेपणाने मांडायला शिकवायची. हॅरोवीलला त्यांचा वर्ग चर्चमागच्या हॉलमध्ये भरे. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना जमिनीवर उताणं झोपवून आपला खरा आवाज शोधायला सांगितलं. लर्लीन खुर्चीतून हलली नाही.

"मिस लर्लीन, तुम्ही पण या ना."

"अडुसष्ट वर्षांची आहे मी. मला आडवं करायचं काम आता मयत उचलणाऱ्यांचं. आणि माझा आवाज हरवलेला नाही, बाळा. तुझा हरवला असेल तर खुशाल शोध."

लोक हसले. ओमारीही हसला. तिला त्याचं हसणंही शिकवणीतलं वाटलं.

ती आली होती ती भावासाठी. तिची वस्ती रुळांच्या अलीकडे, दवाखाना पलीकडे, आणि मालगाड्या मन मानेल तितका वेळ फाटकावर उभ्या. फेब्रुवारीत अल्व्हिनला छातीत कळ आली, ॲम्ब्युलन्स वेळेवर आली, पण त्याला आणि लर्लीनला घेऊन जाताना फाटकाशी एकोणीस मिनिटं अडकली. त्यातच तो गेला. पुलासाठी राज्याकडे अर्ज पाठवायला नगराध्यक्षाची सही लागत होती. नगराध्यक्ष क्लीव्हॉन रड याच वस्तीत वाढलेला. दर कार्यक्रमाला तो यायचा, पहिल्या रांगेत बसून फोटो काढून घ्यायचा आणि दहा मिनिटांत निघून जायचा. त्याने एकदा तरी बसून अल्व्हिनचं ऐकावं, एवढंच लर्लीनला हवं होतं.

ओमारीने प्रसंग बसवला तो असा: आठ पोरं हात धरून गाडी होतात, ढोल वाजतो, लर्लीन किंचाळून गुडघ्यांवर कोसळते. चाळीस सेकंद.

"मी किंचाळले नव्हते," लर्लीन म्हणाली.

"प्रेक्षकांना वेदना दिसायला हवी, मिस लर्लीन."

"तीन आठवडे खरं वागा, खरं वागा म्हणून डोकं खाल्लंस. आता खोटं रडायला सांगतोस?"

ओमारीने विचारलं, "मग तुम्ही काय केलं होतं?"

"फाटकाशी उभी होते."

"किती वेळ?"

"एकोणीस मिनिटं."

"एवढा वेळ रंगमंचावर नुसतं उभं राहिलात तर लोक उठून जातील."

"आम्हाला जाता आलं नव्हतं," ती म्हणाली. शेवटी त्याने मोठ्या मनाने एक मिनिट दिलं. तो मोठेपणाही तिला रुचला नाही.

रविवारी दुपारी प्रार्थना आटोपल्यावर नाटक झालं. लर्लीन दर रविवारच्या पांढऱ्या गणवेशात आणि पांढऱ्या हातमोज्यांत आली. चर्चच्या दारात उभं राहून लोकांना जागेवर बसवणाऱ्या बायकांची ती एकतीस वर्षं प्रमुख होती. प्रार्थना चालू असताना तिने तळवा उंचावला की आत-बाहेर कोणी पाऊल टाकत नसे.

गाडी झालेली पोरं उभी राहिली, ढोल थांबला, आणि नेमका तेव्हाच क्लीव्हॉन फोन कानाला लावून उठला. फोटो झाला होता. लर्लीन रंगमंचावरून उतरली, खुर्च्यांमधल्या वाटेत उभी राहिली. डावा हात पाठीमागे, उजवा तळवा छातीसमोर.

क्लीव्हॉन जागच्या जागी थबकला. त्याची आई लर्लीनच्या हाताखाली दारात उभी राहायची. डोक्याआधी त्याच्या पायांनीच ऐकलं. मागे बसलेल्या तिघी गणवेशवाल्या बायका, ज्यांचा नाटकाशी काही संबंध नव्हता, सवयीने उठल्या आणि दारांपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"सिस्टर मेब्री," चर्चमधल्या रीतीने हाक मारत तो म्हणाला, "मला पलीकडे मीटिंग आहे."

"गाडी उभी आहे."

तो लोकांकडे बघून हसला. कोणी हसलं नाही. चौथ्या मिनिटाला तो खुर्चीत बसला, सहाव्याला त्याने फोन खिशात टाकला. एक मूल रडून थांबलं. बायका पंखे हलवत होत्या. ओमारी कोपऱ्यात घड्याळाकडे बघत तोंड वासून उभा होता. बाराव्या मिनिटाला क्लीव्हॉन पुन्हा उठला.

"झालं, सिस्टर. मुद्दा कळला सगळ्यांना."

"बस, क्लीव्हॉन. अजून त्याचा श्वास चालू आहे."

तो बसला. त्यानंतर हॉलमध्ये पंखेही हलले नाहीत.

एकोणीस झाल्यावर लर्लीनने हात खाली घेतला. क्लीव्हॉन उठेना.

"गेली गाडी. जा आता मीटिंगला."

"तो अर्ज..." तो म्हणाला, "माझ्या टेबलावरच आहे. उद्या सकाळी पाठवतो."

"जूनपासून आहे तुझ्या टेबलावर. सकाळी आठला मी येते. पाठवताना बघेन."

खुर्च्या उचलायच्या वेळी ओमारी धावत आला. त्याचे डोळे ओले होते, आणि या खेपेला ते पाणी खरं आहे हे लर्लीनलाही दिसलं.

"मिस लर्लीन, हेच तर मी शिकवत होतो. अटलांटाला चला. महिनाभर रोज प्रयोग लावू. बघणाऱ्यांची रांग लागेल."

लर्लीनने हातमोजे काढले, बोटं सरळ करून एकावर एक ठेवले आणि पिशवीत टाकले.

"अल्व्हिन फेब्रुवारीत गेला," ती म्हणाली. "आज क्लीव्हॉनसाठी मी त्याला पुन्हा मारला. आता तिकीट काढून येणाऱ्यांसाठी रोज मारू? सरक, ती खुर्ची घेऊ दे."